पट घटतो की घटवला जातो?

कमी पटाच्या शाळांबद्दल गेली काही वर्षे एक युक्तिवाद इतक्या सफाईने मांडला जातो, की ऐकणारा मान डोलावूनच उठतो. बारा-पंधरा पोरांसाठी दोन शिक्षक, एक इमारत आणि एक स्वयंपाकघर चालवणे राज्याला परवडत नाही. एवढ्याशा पटात मुलांना सवंगडी मिळत नाहीत, खेळाचा संघ उभा राहत नाही, चुरस लागत नाही. त्यापेक्षा चार वस्त्यांची मुले एका मोठ्या शाळेत आणा, तिथे विषयवार शिक्षक द्या, प्रयोगशाळा द्या, बस द्या; पैसाही वाचेल आणि मुलांचेही भले होईल. असे म्हणणारे सगळे शिक्षणाचे वैरी आहेत असे मी मानत नाही, त्यांच्यातले अनेक जण कळकळीने बोलतात. पण त्यांची मांडणी पहिल्याच पायरीवर चुकते, कारण ती पटाला कारण मानते. पट हा बहुतेक ठिकाणी परिणाम असतो आणि तो घडवण्यात शासनाच्या स्वतःच्या निर्णयांचा मोठा वाटा असतो. शिक्षक काढला की पट घटतो, पट घटला की उरलेला शिक्षक काढायला निमित्त मिळते. या फेऱ्याच्या शेवटी वस्तीवरच्या मुलांची मराठीतून लिहायला-वाचायला शिकण्याची एकमेव जागा जाते, आणि ही गोष्ट कोणत्याही जमाखर्चात लिहिली जात नाही.

आधी निर्णयांचा क्रम पाहू. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतली मुले शेजारच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा जी आकडेवारी पुढे आली, तिच्यानुसार राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक होते. त्यानंतर १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटानुसार शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ठरवणारा, शासन निर्णय आला. त्यात वीसपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला एकच नियमित शिक्षक धरला गेला आणि दुसरा, गरज असेल तर, निवृत्त शिक्षकांमधून घ्यायचा ठरला. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथे शिक्षकांची संख्या शून्य. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षक दिनी, वीसपर्यंत पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक महिना १५ हजार रुपये मानधनावर कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. शिक्षक रस्त्यावर उतरले, पटाची मर्यादा विसावरून दहावर आणली गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णयच रद्द झाला. कंत्राटी नेमणूक गेली हे चांगलेच झाले. मात्र तिच्यामागचा हिशेब गेलेला नाही.

त्या २९,७०७ शिक्षकांना १४,७८३ शाळांनी भागले तर शाळेमागे दोन शिक्षक येतात. याच आकड्याकडे बोट दाखवून उधळपट्टीची ओरड होते. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याला खालची मर्यादा घातलेली नाही. सहावी ते आठवीसाठी तर वर्गाला किमान एक शिक्षक हवा आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्हींना शिकवणारे हवेत, असे तोच कायदा म्हणतो. म्हणजे लहान शाळांना २०२३ मध्ये जे मिळत होते ती कायद्याने ठरवलेली किमान पातळी आहे. संसदेने ठरवलेले किमान एखाद्या विभागाच्या शासन निर्णयाने खाली कसे आणता येते, हा प्रश्न न्यायालयात जेवढा विचारायला हवा तेवढाच गावच्या चावडीवरही विचारायला हवा.

दोन हा आकडा कायद्यात उगाच आलेला नाही. एक शिक्षक आणि पाच इयत्ता म्हणजे काय, ते शाळेच्या दिवसाच्या अंगाने बघावे लागते. पहिलीच्या मुलाला अक्षर ओळखून त्याचा आवाज काढायला, मग शब्द जुळवायला शेजारी बसलेले मोठे माणूस लागते. हे काम वहीत गिरवायला देऊन होत नाही. त्याच वेळी चौथीला भागाकार शिकवायचा असतो, दुसरीला उतारा वाचून घ्यायचा असतो. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस आणि सरलची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळवणी, मतदार यादीचे काम, केंद्रावरची परिषद, तालुक्याची बैठक हे सगळेही त्याच माणसाच्या खांद्यावर असते. तो बैठकीला गेला की शाळेला कुलूप लागते किंवा शेजारच्या शाळेतला शिक्षक इकडे येऊन तिकडचा वर्ग उघडा पडतो. आठवड्यातून एक-दोन दिवस असे गेले की पालक काय करतील ते सांगायला संशोधकाची गरज नाही. ज्याला शक्य आहे तो मूल काढून घेतो. पुढच्या वर्षी पटावर तीन नावे कमी होतात आणि अहवालात लिहिले जाते की पालकांचा जिल्हा परिषद शाळेवर विश्वास राहिला नाही.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. आयर्लंडमध्ये आयरिश ही राज्यघटनेने पहिली अधिकृत भाषा आहे. १ जानेवारी २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. तरीही २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे ७२ हजारांच्या आसपास भरले, आणि त्यांतले सुमारे २० हजारच गेल्टाख्त म्हणवल्या जाणाऱ्या आयरिशभाषक पट्ट्यांत राहणारे होते. २००७ मध्येच एका सर्वंकष भाषिक अभ्यासाने बजावले होते, की हे पट्टे पंधरा-वीस वर्षांत आयरिश ही समाजाची रोजची भाषा म्हणून गमावतील. आर्थिक मंदीनंतर तिथल्या सरकारने २०१२ च्या अर्थसंकल्पात लहान शाळांचे निकष बदलले. दुसरा शिक्षक मिळण्यासाठी आधी १२ मुले पुरत असत, ती अट टप्प्याटप्प्याने १४, १७ आणि २० अशी वाढवत नेली. हा निकष साऱ्या देशाला सारखाच होता, कागदावर त्याचा कोणत्याही भाषेशी संबंध नव्हता. पण लहान शाळा कुठे होत्या? पश्चिम किनाऱ्यावर, बेटांवर, डोंगरांत, म्हणजे आयरिश जिथे अजून घरात बोलली जात होती तिथेच त्या मोठ्या संख्येने होत्या. तिथल्या एकशिक्षकी शाळेत आयरिश बोलणारी आणि इंग्रजी बोलणारी मुले एकाच खोलीत बसली की वर्गाची भाषा इंग्रजीकडे झुकते. आयरिशला टिकवून धरायचे तर शिक्षकाला वेळ हवा, आणि एकाच शिक्षकाकडे तो उरत नाही. २०१५ मध्ये सरकारला निकष थोडे सैल करावे लागले, बेटांवरच्या शाळांसाठी वेगळा विचार करावा लागला, आणि २०१६ मध्ये गेल्टाख्तमधल्या शाळांसाठी स्वतंत्र धोरण आणून जादा साहाय्य द्यावे लागले. भाषेवर घाव घालायचा कुणाचाही हेतू नसताना, फक्त पटाच्या हिशेबाने तो बसू शकतो, एवढे या उदाहरणातून आपण घ्यावे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आयरिशचे बोलणारे हजारांत मोजायचे, मराठीचे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख भरले. सोयगावच्या एखाद्या वस्तीवरची शाळा बंद झाल्याने मराठी मरत नाही. मान्य. मराठी मरणार आहे असे मी म्हणतही नाही. पण भाषा एका झटक्यात जात नाहीत, त्या एकेक क्षेत्र सोडत जातात. आधी ज्ञानाची भाषा म्हणून जातात, मग लिहिण्याची, मग मुलांशी बोलण्याची. आठ कोटी बोलणारे असूनही तिसरी-चौथीतल्या मुलाला मराठीतला सोपा परिच्छेद वाचता येत नसेल, तर त्या संख्येच्या आधारावर निश्चिंत कसे राहायचे? ग्रामीण महाराष्ट्रात पाचवीतली बरीच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत नाहीत, हे ‘असर’ची पाहणी वर्षानुवर्षे दाखवत आली आहे. अशा मुलांचा हात धरायला दुसरा शिक्षक हवा, आणि आपण नेमका त्यालाच काढायला निघालो आहोत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याचे मराठी भाषा धोरण आले आणि त्याच मार्चमध्ये शून्य शिक्षकाचा निकषही आला. या दोन गोष्टी एकाच सरकारने एकाच महिन्यात केल्या, याची नोंद मराठीवर प्रेम करणाऱ्यांनी फारशी घेतली नाही. अभिजात दर्जाच्या मागणीला ज्या पुराव्यांनी बळ दिले त्यांतले किती आपल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातले आहेत! गाथासप्तशतीचा हाल सातवाहन पैठणचा. एकनाथांचे घर पैठणलाच. आज त्या पैठण तालुक्यातल्या वस्त्यांवर, कन्नड-सोयगावच्या डोंगररांगांत, सिल्लोड-फुलंब्रीच्या आडगावांत जी मुले मराठी वाचायला शिकत आहेत, तीच त्या वारशाची खरी वारसदार आहेत. त्यांना वाचता आले नाही तर दर्जाचे पत्र मंत्रालयात राहील आणि गाथा ग्रंथालयात.

मराठवाड्याला तर हे वेगळे सांगायला नको. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्याची भाषा आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठही १९१८ मध्ये उर्दू माध्यमातूनच उभे राहिले. मराठीतून शिकवायचे तर लोकांनी पदरमोड करून शाळा काढायच्या आणि सरकारी परवानगीचे अडथळे पार करत त्या चालवायच्या, अशी स्थिती होती. औरंगाबादेत १९१५ मध्ये सरस्वती भुवन उभी राहिली, १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आली, अंबाजोगाईत योगेश्वरी आली. स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी हिप्परग्यात आणि अंबाजोगाईत शिक्षक होते. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची, म्हणजे या शाळांनी वाचणारी माणसे तयार केल्यानंतरची. १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीनंतर मराठी इथे पुन्हा शासनाची भाषा होऊ शकली, कारण तिला वाचणारे-लिहिणारे लोक मोजक्या शिक्षकांच्या लहान शाळांनी टिकवून ठेवले होते. परक्या सत्तेखाली लोकांनी जे राखले, ते आपल्याच सरकारच्या निकषांनी झिजू देणे मराठवाड्याला शोभत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. शाळा सरकार रिकामी करत नाही, पालकच रिकामी करतात. त्यांना इंग्रजी माध्यम हवे आहे, तेव्हा दोष कुणाला द्यायचा? पालकांची इच्छा खरी आहे आणि तिला हिणवण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण ती इच्छा कोणत्या परिस्थितीत कोणत्या निर्णयाला येऊन पोचते ते पाहिले पाहिजे. हर्सूल हे एके काळचे गाव आता छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या हद्दीत आहे, आणि फुलंब्री-सिल्लोडकडून शहरात येणारा रस्ता इथूनच आत शिरतो. या पट्ट्यात खासगी शाळांच्या गाड्या पोचतात तेवढ्या अंतरातल्या गावांत जिल्हा परिषद शाळेचे एकच मोठे बलस्थान आहे. ती घराजवळ आहे. सहा वर्षांचे मूल चालत जाते, आजी दारातून बघते, दुपारी ते घरी येते. ती शाळा बंद करून मुलाला चार किलोमीटरवरच्या मोठ्या मराठी शाळेत पाठवायला सांगितले, की पालकापुढचा हिशेब पार बदलतो. मूल गाडीतच बसवायचे, तर मग गाडी इंग्रजी शाळेकडेच का जाऊ नये? समूह शाळेचे समर्थक म्हणतात मुले मोठ्या मराठी शाळेत जातील. काही जातील. ज्यांच्याकडे थोडे पैसे आहेत ती इंग्रजी शाळेत जातील, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांतल्या काही मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळत बसतील. मराठी शाळेचा पट या शेवटच्या दोन वाटांनी घटेल.

माध्यमाच्या निवडीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ६ मे २०१४ चा निकाल इथे ध्यानात घ्यायला हवा. कर्नाटक सरकारच्या प्रकरणात न्यायालयाने ठरवले, की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच द्या अशी सक्ती शासन करू शकत नाही. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे. या निकालाने अनेक भाषाप्रेमी निराश झाले. मला त्यातून उलटा धडा दिसतो. सक्तीचे हत्यार हाती नसेल, तर मराठी माध्यमाकडे पालकांना आणण्यासाठी शासनाकडे एकच साधन उरते, ते म्हणजे स्वतःची चांगली शाळा. २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा करणारा कायदा झाला, तो हवाच होता. पण इंग्रजी शाळेत आठवड्याला काही तास मराठी शिकणे आणि गणित, विज्ञान, परिसर हे सगळे मराठीतून समजून घेणे यांत मोठे अंतर आहे. दुसरे काम जिल्हा परिषदेच्या शाळाच करतात, आणि शासनाच्या हातात त्याच आहेत. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला सरकारला ते शासन निर्णय मागे घ्यावे लागले. तेवढीच धग शून्य शिक्षकाच्या निकषाविरुद्ध दिसली असती, तर मराठीचे जास्त भले झाले असते असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठवाड्यातल्या लहान शाळांबाबत आणखी एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या चर्चेत सहसा येत नाही. कन्नड आणि सोयगाव तालुक्यांतल्या अनेक तांड्यांवर मूल घरात गोरबोली बोलते, भिल्ल वस्तीवर भिली, आणि खानदेशाला लागून असलेल्या गावांत अहिराणी. या मुलांसाठी पुस्तकातली मराठी ही शाळेत भेटणारी नवी भाषा असते. तिच्यापर्यंत घरच्या बोलीच्या पुलावरून जायचे असते, आणि शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असे सांगते ते याचसाठी. ज्या शिक्षकाला पाच इयत्ता सांभाळायच्या आहेत, त्याला मुलाच्या बोलीतला शब्द ऐकून घ्यायला, तो मराठी शब्दाशेजारी ठेवायला फुरसत कुठून मिळणार? पहिल्या दोन वर्षांत हे झाले नाही तर मूल मराठीतही मागे पडते आणि आपल्या बोलीची लाज बाळगायला शिकते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेवर बोलली जाणारी निहाली भाषा युनेस्कोच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली आहे. महाराष्ट्रातल्या भाषांची खरी नाजूक कड अशा वस्त्यांवर आहे, आणि कमी पटाच्या शाळाही तिथेच आहेत.

ऊसतोडीचेही तसेच. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण तिला गावात चालती शाळा लागते. शाळा गेली की मूल आईबापांबरोबर फडावर जाते, आणि सहा महिन्यांनी परत येते तेव्हा ज्या वर्गात बसायचे तो वर्ग गावात नसतो. अशा गावांत शाळेवर केलेला खर्च उधळपट्टीत मोजणाऱ्यांनी बालमजुरीचा आणि बालविवाहाचा खर्चही कधीतरी मांडून दाखवावा.

दर्जाबद्दलची शंका मी टाळणार नाही. लहान शाळा आपोआप चांगली नसते. काही शाळांत दोन शिक्षक असूनही शिकवणे होत नाही, आणि ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीने पटावरची बोगस नावेही उघडी पाडली. ज्याने खोटी नावे लावली त्याला शिक्षा व्हावी, जो शिकवत नाही त्याच्यावर कारवाई व्हावी. पण त्या पडताळणीनंतर काय झाले? मे २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली आणि तिची झळ खोटी नावे लावणाऱ्यांपेक्षा खऱ्या मुलांना जास्त बसली. आताही आधार प्रमाणित न झालेली मुले वर्गात असूनही संचमान्यतेच्या गणनेतून गळतात, अशी तक्रार शाळा करत आल्या आहेत. बहुवर्ग अध्यापन हे काही मागासलेपण नाही. कोलंबियात १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘एस्क्युएला नुएवा’ने दुर्गम गावांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी स्वयंअध्ययनाची पद्धत विकसित केली आणि जगभर तिचा अभ्यास झाला. आपल्याकडेही साताऱ्यातल्या कुमठे बीटसारख्या ठिकाणी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी वर्गाची रीत बदलून दाखवली. प्रशिक्षण, साहित्य आणि सोबतीला दुसरा माणूस मिळाला की लहान शाळा शिकवू शकते.

समूह शाळांसाठी तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले दिले जातात. तिथे मुलांचे भले झाले असेल तर त्याचा आनंदच आहे. पण निवासाची किंवा वाहनाची सोय करून, खास लक्ष देऊन उभ्या केलेल्या एक-दोन शाळांचा नमुना १४,७८३ शाळांना लावता येत नाही. बसचा खर्च, चालक, पावसाळ्यात तुटणारे घाटरस्ते, आजारी पडलेल्या मुलाला घरी आणायची सोय हे सगळे धरले तर वाचलेला पैसा कुठे आहे? नियमित शिक्षकाला अतिरिक्त ठरवले तरी त्याचे समायोजन दुसरीकडे होते आणि पगार चालूच राहतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळा-संकुलांचा पुरस्कार आहे हे खरे, पण शाळांचे एकत्रीकरण अत्यंत विचारपूर्वक आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोचण्यावर परिणाम होणार नाही याची खात्री असेल तेव्हाच करावे, असेही त्याच धोरणात लिहिले आहे. संकुल म्हणजे कलाशिक्षक, ग्रंथालय, क्रीडासाहित्य चार शाळांनी वाटून घेणे. ते जरूर करावे. त्यासाठी पहिलीचा वर्ग वस्तीवरून उचलून न्यायची गरज नाही.

२००० च्या सुमारास याच राज्याने वस्तीशाळा सुरू केल्या. वस्तीवरचे मूल दूर जाऊ शकत नाही म्हणून शाळा त्याच्याकडे गेली, आणि तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षकांनी ती चालवली. पुढे त्या शाळा नियमित झाल्या, २०१४ मध्ये ते शिक्षकही सेवेत कायम झाले. तेव्हाही वस्तीवर बारा-पंधराच मुले होती आणि ते सर्वांना ठाऊक होते. कमी पट गृहीत धरूनच त्या शाळा काढल्या होत्या. आज तोच पट त्या बंद करण्याचे कारण कसा होतो, याचे उत्तर शिक्षण विभागाने द्यायला हवे.

मागणी साधी आहे. पट वीस असो की सात, पहिली ते पाचवीच्या प्रत्येक शाळेत दोन नियमित शिक्षक. सहावी ते आठवीतून शून्य हा आकडा कायमचा काढून टाकणे. आणि तांडे व आदिवासी वस्त्यांवरच्या शाळांसाठी आयर्लंडने बेटांसाठी केला तसा वेगळा निकष. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि ही समिती कायद्याने दिलेली आहे. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. त्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक लहान शाळेच्या समितीने दोन शिक्षकांचा ठराव करून तो ग्रामसभेत मांडावा, आणि त्याची प्रत औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेत नेऊन पोच घ्यावी.